चावीवाला राहिला

दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीची एक मीटिंग होते. मीटिंग म्हणायचं ते समोर रजिस्टर असतं म्हणून. एरवी पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, डास, आणि यंदा चकलीची भाजणी कुठून आणली याच्या चौकशा. विषय एकच असतो, पोस्त कुणाला किती द्यायची. यादी वर्षानुवर्षं तीच. वॉचमन, जिना झाडणाऱ्या मावशी, कचरा नेणारी ताई, लिफ्टवाला, पोस्टमन, टाकी धुणारी दोन पोरं. मागच्या दिवाळीत सेक्रेटरीकाकांनी यादी वाचून संपवली, चष्मा काढला आणि उठता उठता विचारतात तसं "कुणी राहिलं नाही ना?" असं विचारलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "चावीवाला राहिला."

"कुलपं करणारा? त्याला कशाला?" नव्यानेच राहायला आलेली मुलगी म्हणाली. तिचा काही दोष नाही, ती ज्या गृहसंकुलातून आली तिथे पाणी आकाशातूनच पडत असावं. आजींनी तिला समजावलं, "अगं, पाणी सोडतो तो. पहाटे." सेक्रेटरीकाका परत बसले. "आजी, तो आपला माणूस नाही. पालिकेचा आहे. त्याला आपण पैसे देणं बरं दिसणार नाही." रजिस्टर लिहिणाऱ्या जोशांनी तोवर पेन उघडलं होतं, "नाव काय लिहू?" यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाटलांनी आजींकडे पाहिलं, आजी म्हणाल्या, "मी त्याला बाळा म्हणते." थोडं हसू झालं, चहा आला, यादी आहे तशी मंजूर झाली.

मला ते हसू पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. या इमारतीत सगळ्यांना सगळ्यांची नावं ठाऊक आहेत. तळमजल्यावरच्या मांजरीला तर दोन नावं आहेत, आणि त्यावरून दोन घरांत अबोला आहे. आणि ज्याच्या हाताने आमचा दिवस सुरू होतो त्याच्या नावाची जागा रजिस्टरात रिकामी राहिली.

माझी झोप हलकी आहे आणि खोली रस्त्याच्या अंगाला. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या सुमाराचा तो सगळा आवाजांचा क्रम मला पाठ आहे. आधी मोटारसायकल येते, ती पूर्ण बंद होत नाही, घरघरत राहते. मग साइड स्टँड. मग लोखंडी झाकण डांबरावरून सरकतं, खर्रर्र, आणि कडेला पडतं, ठण्. यानंतर थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. ही शांतता मला सर्वांत आवडते, कारण तेवढ्या वेळात रस्त्याखाली काहीतरी चाललेलं असतं. मग आमच्या गेटजवळच्या पाइपातून हवा सुटते, नळ म्हाताऱ्या माणसासारखा दोनदा खाकरतो, आणि जमिनीखालच्या टाकीत धार पडायला लागते. रिकाम्या टाकीत पडणाऱ्या धारेचा आवाज आणि भरत आलेल्या टाकीतला आवाज यांत फरक असतो. आमचा वॉचमन खाटेवर पडल्या पडल्या त्यावरून किती वेळ झाला ते सांगतो. मग तो उठून मोटार लावतो, पाणी गच्चीवर चढतं, आणि सहा वाजता चौथ्या मजल्यावरचा कुणीतरी न बघता हात पुढे करून नळ उघडतो. पाणी येणार याबद्दल त्याच्या मनात एवढीशीसुद्धा शंका नसते.

आमच्या लहानपणी ही शंका घरातलीच एक व्यक्ती होती. सदाशिव पेठेतल्या वाड्यात चौकात एक नळ, आणि त्याच्यावर आठ बिऱ्हाडं. नळाला पाणी यायच्या आधी त्याच्याखाली कुणाची तरी बादली उपडी घातलेली असायची. पहिल्या धारेचा ठणाणा झाला की सगळा वाडा जागा. आमची आजी रात्री उरलेलं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतून द्यायची आणि ताजं भरायची. कालही ते त्याच धरणातून आलं होतं, आजही तिथूनच येतंय, हे तिला वडिलांनी बरेचदा सांगून पाहिलं. तिच्या लेखी पाणी रात्रीत शिळं होतं, विषय संपला. पितळी हंडे, तांब्याचा बंब, स्टीलचं पिंप, त्यावर फडकं, फडक्यावर ओगराळं. चिंचेने घासलेल्या हंड्यावर पाण्याचा थेंब कसा गोल बसून राहायचा ते मला अजून दिसतं. कळशी कमरेवर घेऊन जिना चढणाऱ्या बायकांना त्यात काही काव्य वाटत नव्हतं हेही तितकंच खरं. आईची कंबर त्या जिन्यानेच घेतली. म्हणून कुणी "तेव्हा पाण्याची किंमत होती हो" असं सुरू केलं की मी विषय बदलते. किंमत होती, पण ती कोण मोजत होतं?

आई पानशेतची गोष्ट सांगायची. १२ जुलै १९६१. अर्धवट बांधलेलं पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासला फोडलं, आणि भर दिवसा नदी पेठांत शिरली. पुणेरी माणसाला ही तारीख सांगायची गरज नाही. जुन्या वाड्यांवर पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा दाखवणारे लोक अजून आहेत. पण आई पुराबद्दल कमी बोलायची आणि नंतरच्या दिवसांबद्दल जास्त. घरात गुडघाभर चिखल, भांडीकुंडी चिखलात, आणि तो धुवायला पाणी नाही. खडकवासलाच फुटलं म्हटल्यावर नळ कोरडे. ज्या आडांवर लोकांनी फळ्या टाकून वर तुळशीच्या कुंड्या मांडल्या होत्या, ते आड पुन्हा उघडले. आईचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "नदी घरात येऊन गेली, आणि प्यायला थेंब नाही." त्यानंतर आयुष्यभर तिने एक कळशी नेहमी भरून ठेवली. फ्लॅटमध्ये आल्यावर, चोवीस तास टाकीचं पाणी असतानाही, ओट्याखाली झाकण घातलेली ती कळशी असायचीच. ती गेल्यावर मी ती माळ्यावर टाकली, आणि टाकताना हातात किती जड लागली ते लक्षात राहिलं. रिकामी होती.

या गावाला पाणी आणून देणाऱ्यांचा इतिहास तसा लांबलचक आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत ठिकठिकाणी हौद. ते हौद बहुतेक बुजले, नावं तेवढी चौकांना चिकटून राहिली: फडके हौद, काळा हौद, साततोटी. आज तिथे बसची वाट बघणाऱ्याच्या मनातही येत नाही की इथे माणसं घागरी घेऊन उभी असायची. त्या नळाला मध्ये मध्ये हवा बाहेर सोडण्यासाठी बांधलेले उंच उच्छ्वास होते. म्हणजे नळात हवा धरते हे तेव्हाच्या कारागिरांना पक्कं माहीत होतं, आणि तो नळ साफ ठेवणारे, हौदांवर नजर ठेवणारे कुणीतरी असणारच. पेशव्यांचं नाव राहिलं. पुढे १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचं धरण पुरं झालं, त्या जलाशयाला फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं नाव मिळालं. त्याचंही नाव राहिलं. आणि हौद होते म्हणजे सगळ्यांना पाणी होतं असंही नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य ठरवलेल्या माणसांसाठी खुला केला, हे करावं लागलं यातच सगळं आलं. ज्या शहरात पाण्याला कुणाचा हात लागला यावरून विटाळ व्हायचा, त्याच शहरात आज पाणी सोडणारा हात कुणाचा हे कुणी विचारत नाही. ही प्रगती आहे असं मला आधी वाटलं. मग वाटलं, विचारत नाही कारण हात दिसतच नाही. दोन्ही थोडं थोडं खरं असावं.

त्या मीटिंगनंतर काही दिवसांनी मी तळजाईवर फिरायला म्हणून लवकर उतरले. खोटं कशाला बोलू, फिरणं हे निमित्त होतं. तो आमच्या गेटच्या थोडा पुढे, एका पांढऱ्या गाडीजवळ उभा होता. तिशी-पस्तिशीचा, डोक्याला माकडटोपी, अंगात कुणीतरी दिलेली वाटावी अशी कंपनीचं नाव लिहिलेली जर्किन. हातात लोखंडी चावी. चावी म्हणजे छातीएवढी उंच सळई, वर आडवा दांडा, खाली चौकोनी खाच. माझ्याकडे वळून त्याने पहिलं वाक्य टाकलं ते असं: "काकू, गाडी तुमची का ही?"

गाडीचं मागचं चाक झाकणावर होतं. बरोबर मध्यावर, मोजून लावल्यासारखं. गाडी माझी नव्हती. कुणाची ते मलाही माहीत नव्हतं. त्याने एक सुस्कारा टाकला, मोटारसायकलवरून पहार आणली, झाकणाची जी कड चाकाबाहेर होती तिथे ती घातली, आणि रस्त्यावर सरळ कुशीवर आडवा झाला. मी "अहो दादा, राहू द्या" असं काहीतरी म्हणाले, ते म्हणण्यात काही अर्थ नव्हता, कारण राहू दिलं तर पाणी येणार नव्हतं. झाकण अर्धवट सरकलं. त्या फटीतून त्याने चावी तिरकी आत सोडली, हात खांद्यापर्यंत घातला, आणि आत चाचपडत खाच त्या चौकोनी डोक्यावर बसवली. मग उठून गुडघ्यावर बसला आणि दांडा फिरवायला लागला. सरळ फिरवायला जागा नव्हती. पाव वळसा, चावी उचलायची, पुन्हा बसवायची, पुन्हा पाव वळसा.

मी आटे मोजत होते. तो मोजत नव्हता. "किती आटे असतात?" विचारलं तर म्हणाला, "हाताला कळतं. सुरुवातीला हलकं जातं, मग पाणी दाबतं." मधेच तो थांबला. मला वाटलं दमला. तर म्हणाला, "थोडं थांबायचं. एकदम सोडलं की लाइन दणका खाते. जुना बिडाचा पाइप आहे, फुटला तर दिवसभर मी इथेच." बंद करतानाही तसंच हळू. मला त्या रोजच्या शांततेचा उलगडा झाला. झाकण पडल्याचा ठण् आणि आमच्या पाइपातली हवा यांच्या मधला तो वेळ म्हणजे हे थांबणं होतं.

आधी वरच्या गल्ल्या, मग आमची, मग उतारावरच्या. असा क्रम का, तर खालचा व्हॉल्व्ह आधी उघडला की सगळं पाणी तिकडे पळतं आणि चढावरच्यांना दाब मिळत नाही. "वरचे बोंब मारतात. खालचे पण मारतात, पण उशिरा." टाकीवरून फोन येतो, लेव्हल किती ते कळतं, त्यावर कुणाला किती वेळ हे ठरतं. ठरलेल्या वेळा कागदावर आहेत, पण लेव्हल रोज कागदाप्रमाणे नसते. शेवटच्या टोकाच्या दोन बैठ्या चाळी आहेत, तिथे पोचेपर्यंत पाण्याला जोर राहत नाही, म्हणून तिथे तो रोज थोडी जास्त वेळ देतो. हे कुठल्या कागदात नाही. मधल्या बंगल्यांनी लाइनलाच मोटारी लावल्यात, त्या सुरू झाल्या की टोकाचं पाणी तुटतं, हेही तो सांगून गेला. कुणाचे बंगले ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अर्थात मला माहीत होतं.

सगळ्यात नवल मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. पुढच्या वळणावर त्याने मोटारसायकल थांबवली, आणि अंधारात शेवग्याच्या झाडापासून डीपीच्या दिशेने चार पावलं टाकून तो उभा राहिला. तिथे मला नुसता रस्ता दिसत होता. "इथे पण आहे एक. मागे डांबर टाकलं तेव्हा झाकण खाली गेलं. हा वर्षातून दोनदाच लागतो, म्हणून कुणी काढला नाही." असे आणखी किती आहेत विचारलं तर त्याने हाताने चारी दिशा दाखवल्या. या भागातल्या जमिनीखालचा नकाशा त्याच्या डोक्यात आहे: झाड, खांब, दुकानाची पायरी, एका बंगल्याची निळी फाटकं. निळ्या फाटकाला मालकाने राखाडी रंग दिला तेव्हा बदलीवर आलेला पोरगा तासभर शोधत राहिला. ह्याच्या स्वतःच्या हळदीत फोन वाजला होता, "दादा, तो वरच्या गल्लीचा कुठे?" हळदीच्या हातानेच फोन धरून त्याने शेवगा, डीपी, चार पावलं सांगितलं.

पावसाळ्यात चेंबर गढूळ पाण्याने भरलेलं असतं, आत काय आहे ते दिसत नाही. काचा असतात. एकदा धामण निघाली होती. झाकणं भंगारासाठी चोरीला जातात, मग लोक त्या खड्ड्यात झाडाची फांदी खोचतात, आणि फांदी बाजूला करून हात घालायचा. हे सगळं तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. तक्रार एकाच वाराची होती. पुण्यात पाणी बंद ठेवायचं असलं की बहुधा गुरुवार निवडतात, आणि वर्तमानपत्रात खाली एक ओळ असते, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. "गुरुवारी कुणी काही बोलत नाही, काकू. पेपरात आलेलं असतं. शुक्रवारी ती खालची ओळ कुणी वाचलेली नसते." शुक्रवारी त्याच्या फोनवर जे बोललं जातं ते त्याने मला सांगितलं नाही. माझ्या वयाचा मान ठेवला असावा.

मी विचारलं, नरकचतुर्दशीला काय करता? त्या पहाटे सगळ्या शहराला एकाच वेळी अभ्यंगस्नान करायचं असतं. तो म्हणाला, तीनला निघतो. आणि तुमची आंघोळ? "दहा-अकराला. गार पाण्याने. आमच्या वस्तीचं पाणी तोवर येऊन गेलेलं असतं, बायको बादली भरून ठेवते." तो राहतो त्या वस्तीत पाणी सोडणारा दुसरा आहे. तो कसा आहे विचारलं तर हसला. "झोपाळू आहे."

नाव मी विचारलं. त्याने सांगितलं, आणि मग थोडा सावध झाला. "कशाला, काकू? काही कंप्लेंट?" आपल्याकडे नाव विचारलं की माणसाला आधी हेच वाटतं. म्हणून ते मी इथेही लिहीत नाही.

कचरा नेणाऱ्या ताईचं नाव मात्र आमच्या रजिस्टरात आहे, आडनावासकट. त्याला कारण आहे. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, उकिरड्यावर कागद वेचणाऱ्या बायका संघटित झाल्या, भांडल्या, ओळखपत्रं मिळवली, पुढे घरोघर कचरा गोळा करायचं काम स्वतःच्या सहकारी संस्थेमार्फत करायला लागल्या. आमची ताई दर महिन्याला दारात येऊन पैसे मागते, पावती देते, आणि ओला कचरा सुक्यात टाकला तर जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलते. तिला आम्ही नाइलाजाने ओळखायला शिकलो. आमच्या चांगुलपणाने हे झालेलं नाही. चावीवाला दारात येत नाही, पावती देत नाही. त्याचं काम चोख झालं की त्याची खूणच राहत नाही. वीजवाल्यांचंही तेच, जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने कोकणात खांबच्या खांब लोळवले तेव्हा माझ्या दापोलीकडच्या आत्येभावाला त्यांच्या भागातल्या वायरमनचं नाव, गाव आणि तो कुठल्या खांबावर चढलाय हे सगळं रोजच्या रोज ठाऊक असायचं. आता विचारलं तर आठवून बघतो म्हणतो.

लातूरची मामेबहीण दिवाळीनंतर चार दिवस राहायला आली. ती आली की मी आपोआप नळ बारीक सोडते. गिझरचं गरम पाणी येईपर्यंत गार पाणी वाहू देण्याची आपल्याला सवय असते, ती त्याखाली बादली लावते आणि काही बोलत नाही. न बोलणं जास्त लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. इकडे आम्ही ते टीव्हीवर बघितलं. मी तिला चावीवाल्याची गोष्ट सांगितली, शेवगा, डीपी, चार पावलं, सगळी. मला वाटलं होतं ती हळहळेल. ती म्हणाली, "तुम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं? आमच्या टँकरवाल्याचं नाव गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. त्याच्या पोरीची परीक्षा कधी, त्याचं बायकोशी पटतं का, त्याचा हॉर्न कसा वाजतो, सगळं." मग पुढे म्हणाली, "बरं झालं माहीत नव्हतं. कधीच माहीत करून घ्यायची वेळ येऊ नये." यावर काय बोलावं मला सुचलं नाही. मीटिंगमधलं ते हसू मला टोचत होतं, आणि हिच्या मते ते आमच्या सुखाचं लक्षण होतं. तिचं चूक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला, चारही धरणं भरली की २९.१५ टीएमसी पाणी होतं. ऑगस्टात तो आकडा पेपरात आला की पुणेकर जिल्हाधिकाऱ्याच्या थाटात मान डोलावतो आणि पान उलटतो. पान उलटता येणं ही चैन आहे. ती कुणाच्या तरी कुशीवर झोपून चेंबरात हात घालण्यावर उभी आहे, पण ती चैन नसावी असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

शिवाय समान पाणीपुरवठ्याचं काम शहरात चालू आहे. नव्या टाक्या, नव्या लाइनी, मीटर. कराडजवळच्या मलकापूरने छोटं गाव असून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं, तसं इथेही करायचं आहे. लाइन कायम भरलेली राहिली तर रोज उघडझाप करायला माणूस लागणार नाही. मग तुमचं काय, असं मी त्याला नंतर एकदा विचारलं. तो ठेकेदाराकडे आहे, पालिकेच्या हजेरीपटावर नाही, म्हणजे सेक्रेटरीकाकांचा "पालिकेचा माणूस" हाही अंदाजच होता. "गळती शोधायला लावतील. नाहीतर बघू," म्हणाला. आणि मग, "टोकाच्या चाळींना चोवीस तास आलं तर बरंच होईल की." त्याच्या मनात पुढे काय आलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावरून कळण्याइतका उजेड नव्हता.

पोस्तीचं म्हणाल तर सेक्रेटरीकाकांशी मी वाद घातला आणि अर्धा हरले. त्यांचं म्हणणं असं, की आपण पैसे दिले तर उद्या मागच्या गल्लीवाले जास्त देतील, मग व्हॉल्व्ह जास्त देणाऱ्याकडे जरा जास्त उघडा राहील अशी लोकांना शंका येणार. त्याला विनाकारण डाग लागेल, आणि टोकाच्या चाळी काही देऊ शकणार नाहीत. हे मला सुचलं नव्हतं. ज्याच्या हातात सगळ्यांचं पाणी आहे त्याला एकाने खूश करणं हे दिसतं तितकं साधं नाही. वॉचमनला पोस्त देताना असला प्रश्न येत नाही, तो फक्त आपल्याच गेटावर असतो. शेवटी आजींनी लाडवांचा डबा वॉचमनच्या हाती पाठवला, त्यावर कुणी आक्षेप घेतला नाही. डबा धुऊन परत आला, त्यात कढीलिंबाची डहाळी होती, कारण रिकामा डबा परत द्यायचा नसतो.

मी त्याला सरळच विचारलं होतं, तुम्हाला आमच्याकडून काय हवंय? मला वाटलं जर्किन म्हणेल, चहा म्हणेल. त्याने चावीचा दांडा गाडीच्या चाकाकडे केला. "एवढंच बघा. झाकणावर गाडी लावू नका म्हणावं."

एवढंच. ते करायला आम्हाला पुढची दीड मीटिंग लागली. झाकण रस्त्यात आहे, रस्ता आपला नाही, आपण त्यावर रंग लावणं कायद्यात बसतं का, रंगाचा खर्च देखभाल निधीतून की वर्गणीतून, पिवळा की पांढरा. जोशांनी सगळं रजिस्टरात लिहिलं. शेवटी एका रविवारी सोसायटीतल्या पोरांनी ऑइलपेंटचा डबा आणून झाकणाभोवती पिवळा चौकोन काढला आणि आत लिहिलं, 'गाडी लावू नये. पाण्याचा व्हॉल्व्ह.' व्हॉल्व्हमधला अर्धा ल मुलांनी दोनदा खोडून काढला. त्यांच्या अंगाला रंग लागला, तो रॉकेलने काढावा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि रॉकेल आता कुणाच्याच घरात नव्हतं.

तिसऱ्या पहाटे मोटारसायकल आली, स्टँड लागला, आणि मग झाकण सरकलंच नाही. मी गॅलरीत आले. चौकोनावर लाल गाडी. ठाण्याची पासिंग, म्हणजे कुणाकडे तरी पाहुणे. मी गाउनवर शाल टाकून खाली उतरले, वॉचमनला घेऊन एकेका मजल्यावर बेल वाजवत सुटले, "लाल गाडी तुमच्याकडची का?" पहिल्या मजल्यावर शिव्या पडता पडता राहिल्या, तिसऱ्यावर नव्या मुलीने डोळे चोळत दार उघडलं आणि "चावीवाला आला का?" म्हणत स्वतःच चप्पल घालून वरच्या दोन मजल्यांवर विचारायला पळाली. मालक सापडले चौथ्यावर, जोशांचे व्याही. ते किल्ली शोधून, चष्मा शोधून, लिफ्टची वाट बघून खाली येईपर्यंत तो मोटारसायकलला किक मारत होता.

"राहू द्या, काकू," तो म्हणाला, "आज खालची गल्ली आधी सोडून येतो. तोवर काढा गाडी. वरच्यांनी बोंब मारली तर तुमचं नाव सांगतो."